पाचगणीच्या शाळेतील ‘द हेक्टिक्स’

काही वाद्यवृंद अल्पावधीतच विसर्जित होतात. त्यांतील कलावंत नावारूपाला आल्यावर मात्र त्यांचा शोध सुरू होतो. ब्रिटनमधील ‘स्टीमपॅकेट’ हा रिदम अँड ब्लूज वाद्यवृंद असाच होता. १९६५-६६ मध्ये रॉड स्टुअर्ट, ज्युली ड्रिस्कॉल, ब्रायन ऑगर व लाँग जॉन बाल्ड्री हे चौघे त्यात एकत्र होते. कलावंत एका फडात घडतो आणि दुसऱ्या फडात गाजतो, हे नारायणगावच्या तमाशाच्या शेजारी राहणाऱ्या जुन्नर, पिंपरी पेंढार परिसरातील रसिकांना नवे नाही. महाराष्ट्रात पाश्चात्त्य संगीताच्या क्षेत्रातही याचे एक उदाहरण घडले, आणि तेही सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या शाळेत.

झांझिबार येथे १९४६ मध्ये जन्मलेला फारुख बुल्सारा हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या ‘सेंट पीटर्स’ या निवासी शाळेत दाखल झाला. मित्र त्याला ‘फ्रेडी’ म्हणू लागले. १९५८ च्या सुमारास त्याने चार सवंगड्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद उभा केला. ब्रूस मरे गात असे, डेरिक ब्रँच गिटार वाजवीत असे, व्हिक्टरी राणाकडे ड्रम होते, तर फरंग इराणीकडे बास. फ्रेडी पियानोवर बसे. पुढे आवाजाने जग जिंकणारा हा मुलगा येथे मुख्य गायक नव्हता, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

या मुलांनी निवडलेली गाणी लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, एल्व्हिस प्रिस्ले, क्लिफ रिचर्ड यांची होती. रिदम अँड ब्लूज ही मूळची अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची शैली. ठाशीव ठेका आणि त्यावर चढत जाणारा आवाज हे तिचे बलस्थान. रिचर्ड व डॉमिनो हे दोघेही पियानोवर बसून गाणारे होते. नभोवाणीवर ऐकलेले गाणे फ्रेडी लगेच पियानोवर उतरवीत असे, अशी आठवण त्याचे सहाध्यायी सांगतात. शाळेत मिळालेल्या शास्त्रशुद्ध पियानोशिक्षणाला या कानाची जोड मिळाली.

शाळा संपली आणि वाद्यवृंदही संपला. १९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. १९६४ च्या क्रांतीनंतर बुल्सारा कुटुंबाने इंग्लंड गाठले. १९७० मध्ये ‘क्वीन’ची स्थापना झाली आणि फ्रेडी मर्क्युरी हे नाव जगापुढे आले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात तो आरंभी पियानोवरच बसला होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निधन झाले.

इतरांच्या वाटा निराळ्या. ब्रँच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’ (१९८५) या चित्रपटात त्याची भूमिका आहे. राणा नेपाळी लष्करात उच्चपदी पोहोचला आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती झाला.

‘द हेक्टिक्स’ची आठवण आज बहुधा एकाच नावासाठी निघते. हे काहीसे अन्यायाचे आहे. मरे पुढे उभा राहून गात होता, म्हणूनच फ्रेडीला मागे बसून स्वरसंगती व साथ यांचा अभ्यास करता आला. भावी ताऱ्याचे श्रेय मोजताना ही साथही मोजली पाहिजे.