हवेच्या जुन्या टाकीतील पाणी व गंज

ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरणे, रेडिएटरची जाळी फुंकून साफ करणे इत्यादी कामांसाठी काही शेतकरी पुण्याच्या जुन्या बाजारातून वापरलेला कॉम्प्रेसर विकत घेतात. घेणारा मोटर व पट्टा बारकाईने पाहतो. टाकी मात्र वरचा रंग पाहून पसंत करतो. वास्तविक खरा धोका टाकीतच असतो.

टाकीत पाणी येते ते हवेतूनच. पावसाळ्यात हवेचे तपमान २५ अंश सेंटिग्रेड व आर्द्रता ८० टक्के असता एका घनमीटर हवेत सुमारे १८ ग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब दिला की त्या हवेचे आकारमान सुमारे आठव्या हिश्श्यावर येते. ती टाकीत थंड झाली म्हणजे तेवढ्या जागेत जेमतेम ३ ग्रॅम बाष्प राहू शकते. उरलेले १५ ग्रॅम पाणी होऊन तळाशी साचते आणि पत्रा आतून खात राहते. अशा पत्र्यावर किती भार पडतो, हे ध्यानात घ्यावे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या एका टोकावर याच दाबाने सुमारे पावणेनऊ टन भार येतो.

टाकी पारखताना वीज तोडून सर्व हवा सोडावी व तळाचा कॉक उघडावा. तांबूस पाणी आल्यास घाबरण्याचे कारण नाही. गंजाच्या खपल्या पडल्यास व्यवहार थांबवावा. बूच काढून बॅटरीच्या उजेडात तळ पाहावा. वरवरचा गंज चालेल, खड्डे चालणार नाहीत. दाबाची परीक्षा जाणकाराकडून व पाण्यानेच करवावी. टाकी काठोकाठ भरून नेहमीच्या दीडपट दाब द्यावा. पाणी फारसे दबत नाही, म्हणून पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही. हवेने परीक्षा घेणे म्हणजे बाँब भरण्यासारखेच होय.

सुईच्या टोकाएवढे छिद्र आढळले तरी त्यावर वेल्डिंग करू नये. भोवतालचा पत्राही तितकाच झिजलेला असतो. आतून रंग ओतल्याने गेलेली जाडी परत येत नाही. रॉकेल वा पेट्रोलने टाकी धुणे तर अत्यंत घातक. अशी टाकी मोठे भोक पाडूनच मोडीत द्यावी, नाहीतर ती रंग लावून पुन्हा बाजारात येते. मोटर व पंप नव्या टाकीवर बसविता येतात.

चांगल्या टाकीतील पाणी रोज काम संपल्यावर, थोडा दाब शिल्लक असतानाच, काढावे. पावसाळ्यात दुपारीही काढावे. कॉकची बाजू किंचित उतरती ठेवावी. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्यास बूच मारणाऱ्या मिस्त्रीस यंत्राजवळ येऊ देऊ नये.