संशोधन लोकांपर्यंत : समाजमाध्यमांचा विधायक उपयोग

विद्यापीठांतून व संशोधन संस्थांतून चालणारे संशोधन बहुतांशी सार्वजनिक निधीतून होते. त्याचे निष्कर्ष मात्र तज्ज्ञांसाठी असलेल्या इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध होतात. ज्यांच्या जीवनाशी त्या निष्कर्षांचा निकटचा संबंध असतो, अशा शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या व आरोग्यसेवकांच्या वाचनात ते क्वचितच येतात.

ही दरी बुजविण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला नवे नाहीत. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत आणले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. १९७९ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रयोगशाळेतील ज्ञान थेट शेतापर्यंत नेण्याचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, फेसबुक यांसारखी समाजमाध्यमे आज खेडोपाडी पोहोचली आहेत. त्यांचा संशोधकांनी कसा उपयोग करावा आणि त्यात स्थानिक कार्यकर्त्यांचा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

वेळेचे महत्त्व

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१६ साली आफ्रिकेत आढळली. भारतात तिची पहिली नोंद २०१८ साली कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात ती सोलापूर जिल्ह्यातही दिसून आली. या किडीचा पतंग वाऱ्याच्या साह्याने एका रात्रीत सुमारे १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि एक मादी आपल्या आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालते. याउलट, शोधनिबंध लिहून, तो तज्ज्ञांकडून तपासून घेऊन प्रसिद्ध होण्यास सामान्यतः कित्येक महिने लागतात. किडीचा वेग आणि छापील ज्ञानाचा वेग यांतील हे अंतर शेतकऱ्याला परवडणारे नाही.

या अळीच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी उलटी खूण असते आणि शरीराच्या शेवटाजवळ चार ठळक ठिपके चौकोनात असतात. या दोन्ही खुणा साध्या मोबाईलच्या छायाचित्रात दिसू शकतात. अळी लहान असताना तिचा बंदोबस्त सोपा असतो. ती पोंग्यात शिरल्यावर मात्र औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. म्हणूनच राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या संशोधकांनी अशा खुणा दाखविणारे एखादे चित्र व दोन मिनिटांचा मराठी ध्वनिसंदेश वेळेवर प्रसृत केल्यास त्याचे मोल एखाद्या निबंधाइतकेच ठरते.

ज्ञानाचा दुहेरी प्रवाह

समाजमाध्यमांतून संशोधकालाही पुष्कळ मिळू शकते. २०२० सालच्या टाळेबंदीत हिमाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याने चंबा जिल्ह्यातील चुराह खोऱ्यात आढळलेल्या सापाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. ते एका सर्पतज्ज्ञाच्या दृष्टीस पडले. पुढे नमुन्यांचा रीतसर अभ्यास झाला आणि २०२१ साली कुकरी सापाची एक नवी जाती म्हणून शास्त्रीय नियतकालिकात तिची नोंद झाली. लेखकांमध्ये त्या विद्यार्थ्याचाही समावेश होता. लोकांकडून आलेली माहिती तपासून घ्यावी आणि तिचे श्रेय देणाऱ्याला द्यावे, हा बोध यातून घेण्यासारखा आहे.

सावधगिरीची आवश्यकता

वेगाबरोबर धोकाही येतो. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील काही संशोधकांनी करोना विषाणूसंबंधीच्या निबंधाचा मसुदा तज्ज्ञ-परीक्षणापूर्वीच संगणकीय संग्रहात प्रसिद्ध केला. या विषाणूतील काही अंश एड्सच्या विषाणूशी जुळतात, असे त्यात म्हटले होते. हा मजकूर समाजमाध्यमांतून जगभर पसरला आणि विषाणू मुद्दाम तयार केला असल्याच्या तर्कांना ऊत आला. असे अंश इतरही अनेक जीवांत आढळतात, हे शास्त्रज्ञांनी त्याच माध्यमांतून दाखवून दिले आणि दोन दिवसांत मसुदा मागे घेण्यात आला. अफवा मात्र मागे घेता येत नाही. ती पुढे कित्येक महिने फिरत राहिली.

संशोधकांसाठी काही सूचना

यावरून काही पथ्ये स्पष्ट होतात. निष्कर्ष तज्ज्ञांनी तपासलेला आहे की प्राथमिक स्वरूपाचा, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. एका संदेशात एकच मुद्दा मांडावा. प्रयोग कोठे, कोणत्या हंगामात व कोणत्या जमिनीवर झाला, हे नमूद करावे. कोकणातील भातावरचा अनुभव मराठवाड्यातील कापसाला लागू पडेलच असे नाही. औषधाची मात्रा एककासह लिहावी. संदेश पुढे पाठविताना मूळ लेखकाचे नाव सहज गळून पडते. म्हणून नाव, संस्था व दिनांक चित्रावर किंवा मजकुरातच घालावा. रुग्णांची वा ग्रामस्थांची छायाचित्रे त्यांच्या संमतीखेरीज वापरू नयेत. चूक आढळल्यास दुरुस्ती त्याच ठिकाणी व तितक्याच ठळकपणे द्यावी. भाषा सोपी असावी, पण सोपेपणासाठी शंका लपवू नये.

स्थानिक पातळीवरील दुवा

संशोधक आणि गाव यांच्यामध्ये विश्वासाचा दुवा लागतो. तो शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहायक व पंचायत सदस्य यांचा आहे. आलेला संदेश कोणाचा, कोणत्या तारखेचा आणि आपल्या भागाला लागू आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज तो गावाच्या गटावर टाकू नये. शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे विचारणा करावी आणि मिळालेले उत्तरही गटावर कळवावे.

मुळाशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी साधने उपलब्ध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर उभ्या राहिलेल्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातील पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. त्यांत मराठी प्रबंधही आहेत. केंद्र शासनाच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. ही सोय संस्थांपुरती आहे. तिच्याबाहेर असलेल्या ग्रामस्थापर्यंत त्यांतील उपयुक्त भाग त्याच्या भाषेत पोहोचविणे ही संशोधकांची जबाबदारी ठरते.

जेथे जाणकार गप्प बसतात, तेथे अफवेला जागा मिळते. संशोधकाने वेळेवर व नेमके बोलावे आणि गावातील जाणत्यांनी ते पारखून पुढे न्यावे. असे झाल्यास हातातील हा छोटा दूरध्वनी ग्रामीण भागाच्या विकासाचे समर्थ साधन ठरेल.