काटा एकीकडे, वही दुसरीकडे

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी सोयाबीनच्या हंगामात आडत दुकानावर दिसणारे दृश्य वाचकांच्या परिचयाचे असेल. थोरले बंधू गादीवर, धाकटे काट्यापाशी. ओलाव्यापोटी कपात होणार नाही, असा शब्द धाकटे शेतकऱ्याला देतात; मुनीमजी मात्र पट्टीत नेहमीप्रमाणे कपात लावतात. भांडण होत नाही. शेतकरी निमूट पैसे घेतो आणि पुढच्या वर्षी शेजारच्या दुकानात माल उतरवतो. घरात मात्र 'यंदा आवक कमी' एवढेच बोलले जाते.

संस्था मोठी झाली की हे अंतर अधिक वाढते. 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबादसह पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाल्या. निजामाच्या राजवटीत 1941 साली स्थापन झालेल्या हैदराबाद बँकेशी मराठवाड्याचे जुने नाते होते. खाती एका आदेशाने एकत्र येतात. पण टेबलावर बसणाऱ्या माणसांच्या सवयी तशा येत नाहीत.

हे मी अनुभवाने लिहितो. बँकेचे नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. शाखाप्रमुख असताना एका शेतकऱ्याचा पीककर्जाचा प्रस्ताव क्षेत्र अधिकारी पाठवत आणि कर्ज विभाग परत करी. असे तीनदा झाले. मी बैठका घेतल्या, सहकार्यावर भाषणे दिली (बँकेत भाषणांना तोटा नसतो). सर्वांनी माना डोलावल्या. शेवटी दोघांना एका टेबलाशी बसवून तीच फाईल माझ्यासमोर पूर्ण करायला सांगितली. दहा मिनिटांत उलगडा झाला. दोघांच्या हाती कागदपत्रांविषयीची दोन वेगवेगळी परिपत्रके होती, आणि दोन्ही मीच सही करून पुढे पाठवली होती. जुने रद्द झाले, हे सांगायचे राहून गेले होते. दोघांच्याही मनात खोट नव्हती.

तेव्हापासून 'कोण ऐकत नाही' असे विचारण्याआधी 'मी कोणाला काय सांगितले' हे तपासू लागलो.

दुकानातही हे जमते. संध्याकाळी गादी, काटा आणि वही सांभाळणाऱ्यांनी दिवसाच्या दोन-चार पट्ट्या समोर ठेवून बसावे. आधी धाकट्याने बोलावे, थोरल्याने सर्वांत शेवटी. थोरला आधी बोलला की बाकीचे फक्त 'हो' म्हणतात. दिलेला शब्द पट्टीवर उतरला नसेल, तर त्याच रात्री शेतकऱ्याला फोन करावा.

आमच्या त्या शेतकऱ्याचे कर्ज मंजूर झाले, तोवर पेरणी उरकली होती. बियाण्यासाठी त्याने सावकाराकडून पैसे उचलले होते.