स्टीलपॅनवादकांच्या बोटांतील वेदना : कारणे व उपाय

प्रास्ताविक :

स्टीलपॅन हे त्रिनिदाद व टोबॅगो या कॅरिबियन देशाचे वाद्य. १९३० च्या दशकाच्या अखेरीस व १९४० च्या दशकात पोर्ट ऑफ स्पेनच्या श्रमिक वस्त्यांतील तरुणांनी टाकाऊ डबे आणि पुढे ५५ गॅलनची तेलाची पिंपे ठोकून त्यांतून स्वर निर्माण केले. १९५१ मध्ये 'टास्पो' हा वाद्यवृंद ब्रिटनमधील 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी गेला. १९९२ मध्ये स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला, तर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन घोषित केला. या गौरवगाथेत वादकाच्या हाताचा विचार मात्र क्वचितच येतो. बोटे दुखणे हा साधनेचाच भाग आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. प्रस्तुत लेखात या वेदनेची कारणे व तीवरील उपाय यांचा विचार केला आहे.

वेदनेचे दोन प्रकार :

पहिला प्रकार त्वचेचा. टिपरी जेथे टेकते तेथे, म्हणजे तर्जनीच्या कडेला व अंगठ्याच्या पेरावर, घर्षणाने फोड येतात. सराव नियमित राहिल्यास तेथे घट्टा पडतो व त्रास थांबतो. नवोदितांनी त्या जागी कापडी चिकटपट्टी गुंडाळावी; अनेक अनुभवी वादकही तसे करतात. फोड फोडू नये. तो आपोआप फुटल्यास जागा धुऊन झाकावी.

दुसरा प्रकार खोलवरचा आणि अधिक गंभीर आहे. बोटे मिटणारे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांचे कंडरे अरुंद आवरणांतून बोटांत उतरतात. आवळलेल्या मुठीने तासन् तास वाजवल्यास या आवरणांचा दाह होतो. तळव्यात, बोटाच्या मुळाशी कंडरा अडकू लागला की वाकवलेले बोट सरळ करताना खटका बसतो; यालाच 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. अंगठ्याची स्थिती तर याहून नाजूक असते. चिमटीच्या टोकाशी १ किलोग्रॅम जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोग्रॅम दाब येतो, असे १९७७ मधील एका जैवयांत्रिक अभ्यासात दिसून आले. पॅनची टिपरी चिमटीतच धरली जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पकड :

टेनर पॅनची टिपरी जेमतेम वीतभर, हलकी आणि टोकाला रबराचे वेष्टन असलेली असते. ती अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये केवळ निसटू नये इतपत धरावी. उरलेली बोटे तिच्याभोवती सैलसर वळलेली असावीत. प्रत्यक्षात नवोदित वादक ती घट्ट आवळतो. त्यामागे टिपरी हातातून सुटण्याची भीती असते, तसेच आवाज मोठा हवा ही इच्छाही असते. वस्तुतः आवळल्याने आवाज वाढत नाही. आवळलेली टिपरी धातूवर क्षणभर अधिक रेंगाळते व कंपन दाबते; सैल टिपरी उसळून परत येते आणि स्वर मोकळा राहतो. मोठ्या आवाजासाठी टिपरीचा वेग वाढवावा लागतो, आणि तो मनगटातून येतो. शिवाय अतिजोराच्या आघातांनी पॅन कालांतराने बेसूर होतो. म्हणजे जी सवय हाताला घातक, तीच वाद्यालाही.

खरी कसोटी 'रोल'च्या वेळी लागते. पॅनचा स्वर लवकर विरत असल्याने दीर्घ स्वरासाठी दोन्ही टिपऱ्यांनी आलटून पालटून जलद आघात करावे लागतात, आणि नेमकी त्याच वेळी पकड नकळत आवळली जाते. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या स्वरांबरोबरच त्याच्या नखांकडेही पाहावे. ती पांढरी पडली असतील, तर वादन थांबवून हात सैल करण्यास सांगावे.

दांडी फार बारीक असल्यास चिमटी अधिक आवळावी लागते. पट्टी गुंडाळून ती जाड करणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय होय. झिजलेले रबर वेळीच बदलावे. स्टँडची उंची अशी ठेवावी की कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहील.

सरावाचे ओझे :

पकड निर्दोष असली तरी हात दुखू शकतो, कारण ओझे एकाएकी वाढते. १९६३ मध्ये सुरू झालेली 'पॅनोरमा' स्पर्धा कार्निव्हलच्या काळात होते. मोठ्या वाद्यवृंदात शंभराच्या आसपास वादक असतात आणि सुमारे आठ मिनिटांची द्रुतगती रचना सर्वांना मुखोद्गत करावी लागते. त्यासाठी पॅनयार्डमध्ये आठवडेच्या आठवडे रात्री उशिरापर्यंत तालीम चालते. वर्षभर क्वचित वाजवणारे हातही त्यात उतरतात. अशा वेळी दुखणे सांगणे म्हणजे आपली जागा गमावणे, असे वादकास वाटू शकते आणि तो ते लपवतो. हा दोष एकट्या वादकाचा मानता येणार नाही. तालमीचे तास टप्प्याटप्प्याने वाढवणे, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे टिपऱ्या खाली ठेवणे आणि अवघड भाग आधी संथ लयीत बसवणे, हे ठरवण्याचा अधिकार नेतृत्वाकडेच असतो.

उपचार :

वेदना सुरू झाल्यास प्रथम वादन थांबवावे. ताज्या दुखण्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. जुन्या आखडलेपणावर ऊब बरी वाटते. वेदनाशामक घेऊन तालीम पुढे रेटणे सर्वांत अनिष्ट, कारण धोक्याची सूचना देणारी जाणीवच त्याने बोथट होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही वेदना टिकून राहिली, बोट अडकू लागले अथवा अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत मुंग्या येऊ लागल्या, तर वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकू नये. मनगटातील मज्जातंतूवरील दाब दीर्घकाळ राहिल्यास अंगठ्याच्या मुळाचे स्नायू क्षीण होतात, आणि ती शक्ती नेहमीच पूर्ण परत येते असे नाही. तपासणीस जाताना वादकाने आपली टिपरी सोबत न्यावी व ती कशी धरतो हे वैद्यांस दाखवावे. स्टीलपॅन कधी न पाहिलेल्या वैद्यासही त्यावरून दुखण्याचे मूळ शोधणे सोपे जाते.