दुमजली पलंगाचे माप छतापासून घ्या

खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकरमधल्या दोन खोल्यांच्या घरात दोन मुले मोठी होऊ लागली की दुमजली पलंगाचा, म्हणजे बंक बेडचा, विषय निघतोच. मोबाइलवरचे चित्र सुताराला दाखवले जाते, तो लाकूड आणि मजुरीचा हिशेब मांडतो आणि चर्चा बहुधा लाकडापाशीच संपते. साग घ्यावा की बाभूळ, प्लाय चालेल का, पॉलिश कोणते? हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण आपल्याकडच्या घरात सगळ्यात मोठा धोका पलंगात नसतो, तो पलंगाच्या वर फिरत असतो. ज्या चित्रावरून पलंग बनतो, त्यातल्या खोलीत छताचा पंखा बहुधा नसतो. आपल्या खोलीत तो असतोच, आणि वर्षातले आठ-नऊ महिने चालू असतो. म्हणून पलंगाचे माप जमिनीपासून वर नव्हे, तर छतापासून खाली घ्यायला हवे.

दहा बाय बारा फुटांची खोली धरा. पंखा मधोमध. घरगुती पंख्याचा घेर साधारण 48 इंच, म्हणजे मधल्या दांडीपासून पात्याचे टोक 2 फुटांवर. पलंग 12 फुटी भिंतीला लावला तर भिंत आणि पात्याचे टोक यांत 3 फूट अंतर उरते आणि पलंगाची रुंदीही तेवढीच असते. पलंग अगदी कोपऱ्यात सरकवला तरी त्याचे 6 फूट खोलीच्या मध्यापर्यंत, म्हणजे पंख्याच्या रेषेपर्यंत पोचतातच. 10 फुटी भिंतीला लावला तर पलंगाची कड आणि पाते यांत जेमतेम एक फूट राहतो. दहा वर्षांच्या मुलाचा हात त्याहून लांब असतो. आता उंची पाहा. पाती जमिनीपासून 8 फुटांच्या आसपास असतात. वरची गादी 5 फुटांवर असेल तर त्यावर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचे डोके सव्वासात फुटांच्या वर जाते, हात वर केला की तो पात्यांच्या उंचीला पोचतो, आणि मूल उभे राहिले तर साडेनऊ फूट होतात. मूल समजूतदार आहे, सांगितले की ऐकते, असे पालक म्हणतील. ऐकतही असेल. पण सदरा काढताना, चादर झटकताना, झोपेतून दचकून उठताना हात वर जातात, आणि त्या क्षणी मूल काही आठवून वागत नसते. धाकाने वा समजुतीने हा धोका जात नाही. दुमजली पलंग असलेल्या खोलीतला छताचा पंखा काढून जाळी असलेला पंखा भिंतीवर, मुलाच्या हाताला लागणार नाही असा लावणे, हाच खरा उपाय आहे.

यावर पहिला आक्षेप उकाड्याचा, आणि तो खोटा नाही. घाटावरच्या बुलढाणा शहरात थोडा गारवा असतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुऱ्याकडे, मे महिन्यात पारा 43-44 अंशांच्या पुढे जातो. मात्र त्या दिवसांत झोप छताच्या पंख्यावर नव्हे, तर कूलरवर अवलंबून असते. कूलर आणि भिंतीवरचा पंखा मिळून काम भागते. एवढेच की पलंग कूलरला खेटून ठेवू नये. कूलरच्या पत्र्यात वीज उतरण्याचे प्रकार विदर्भाला नवे नाहीत. टिनाच्या छताखाली मात्र गोष्ट वेगळी आहे. गरम हवा वर साचते, तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि वर झोपलेले मूल ती सगळी सोसते. वरच्या गादीपासून छतापर्यंत साडेतीन फूट मोकळे राहत नसतील किंवा वर थेट टिन असेल, तर दुमजली पलंग करूच नये. मोठ्या पलंगाखालून ओढून काढायचा चाकांचा बुटका पलंग दिवसा तेवढीच जागा वाचवतो आणि दोन्ही मुले पंख्यापासून दूर राहतात.

छत परवानगी देत असेल तर पुढचा प्रश्न कठड्याचा. अमेरिकेत 2000 सालापासून लागू असलेला नियम सांगतो, की वरच्या कठड्याची कड गादीच्या पृष्ठभागापासून किमान 5 इंच वर हवी. युरोपचे मानक 16 सेंटिमीटर मागते. हे माप गादी टाकल्यानंतरचे आहे. आपल्याकडे तेच चुकते, कारण कापसाची गादी एका जाडीची राहत नाही. वापरून दबलेली गादी पिंजाऱ्याकडून पिंजून आणली की दोन-तीन इंच फुगते आणि पुरेसा वाटणारा कठडा एका दिवसात तोकडा होतो. म्हणून कठडा फुगलेल्या गादीवरून मोजावा आणि गादी कुठवर चालेल याची ठळक रेघ खांबावर मारून ठेवावी. कठड्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी हवी. त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचे अंग पायाकडून सरकत बाहेर जाते, डोके मात्र जात नाही, आणि मूल गळ्याने लटकते. भिंतीकडच्या बाजूला कठडा नको, भिंत आहेच की, असे सुतार हमखास म्हणेल. अमेरिकी नियम तिथे सलग कठडा सक्तीचा करतो, कारण पलंग रोज थोडा सरकतो आणि भिंतीलगत पडलेल्या फटीत मूल अडकते. मच्छरदाणीच्या दोऱ्या, ओढणी, झोक्याची दोरी यांतले काहीही वरच्या खांबांना बांधू नये.

लाकडाबद्दल थोडक्यात. साग उत्तम, पण पुरता वाळलेला. ओल्या लाकडाचा सांधा पहिल्याच उन्हाळ्यात ढिला होतो. भार खिळ्यांवर किंवा चिपबोर्डात बसवलेल्या स्क्रूंवर नको. खाचेत बसवलेला सांधा आणि आरपार गेलेला नट-बोल्ट हवा, आणि तो पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यानंतर आवळायला हवा. शिडी सुटी टेकवलेली नको, पलंगाला पक्की बोल्ट केलेली हवी.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा: ज्वारी राखायला पिढ्यान्‌पिढ्या लोक मचाणावर झोपले, कोण पडले? मचाणावरचा माणूस मोठा होता, राखणीला जागा होता आणि खाली नांगरलेली माती होती. घरात खाली फरशी आहे आणि वर गाढ झोपलेले मूल. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हे अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे पलंगावरच लिहिलेले असते. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही 2022 मध्ये दुमजली पलंगांसाठी वेगळे मानक काढले आहे, पण अंगणात रंधा मारून तयार झालेला पलंग तपासायला कोणी येत नाही. ते काम आई-वडिलांनीच टेप हातात घेऊन करायचे आहे. तेव्हा सुताराला इसार देण्याआधी वायरमनला बोलवा, पंख्याची नवी जागा ठरवा आणि मगच वरच्या गादीची उंची सुताराला सांगा.