खडे डबीत, पण रिपोर्ट कुठे?

पित्ताशयाचे ऑपरेशन झाले की नातेवाइकांच्या हातात खड्यांची डबी येते. खडे घरी आणून मोजतात, शेजारणींना दाखवतात. आम्ही वॉर्डात नोकरीला असताना हे कितीदा तरी पाहिले. काढलेल्या थैलीचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारले.

ती थैली पॅथॉलॉजीत जायलाच हवी. खड्यांसाठी काढलेल्या थैलीत कधीकधी कॅन्सर निघतो. शंभरात एखादा, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. पण आधीच्या सोनोग्राफीत तो दिसेलच असे नाही. पुरुषांपेक्षा बायांना हा जास्त होतो.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचा रिपोर्ट चार महिने लॅबमध्येच पडून होता. टाके सुकले, दुखणे थांबले, मग एक रोजी बुडवून कोण जाणार? दवाखान्यातूनही कोणी फोन केला नाही. कागद आमच्या हाती आला तेव्हा आजार लिव्हरमध्ये पोचला होता.

पुढचे आयुष्य सर्वात जास्त ठरते ते कॅन्सर थैलीच्या भिंतीत किती खोल गेला यावर. अगदी आतल्या अस्तरापुरता असेल आणि थैली न फाटता निघाली असेल, तर झालेले ऑपरेशन बहुधा पुरते. स्नायूच्या थरात किंवा पुढे गेला असेल, तर सहसा दुसरे ऑपरेशन सुचवतात: लिव्हरचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसीका गाठी काढतात. त्या गाठींत आजार सापडला, किंवा पहिल्या ऑपरेशननंतर आत काही उरलेले निघाले, तर धोका वाढतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात थैली फाटून पित्त पोटात सांडले असेल, तरीही. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशनची नोंदही मागून घ्या. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

रिपोर्टमध्ये ‘कार्सिनोमा’ शब्द दिसला तर घाबरून घरी बसू नका, आणि काढ्याच्या नादी तर मुळीच लागू नका. मानेवाडा रोडचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आपले मेडिकल आहे. जाताना स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून न्या. तिथले डॉक्टर ते पुन्हा तपासतात. पैशांचे काय, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

रिपोर्ट वाचता येत नसेल तर रविवारी विहारात घेऊन या. आम्ही असतो.