खांबनिवडुंगाची ओळख

खांबासारखे सरळ वाढलेले, हिरवेगार आणि अंगभर काटे ल्यालेले झाड दिसले की पाहणारा त्याला ‘निवडुंग’ म्हणून मोकळा होतो. बोलीच्या दृष्टीने त्यात चूक नाही. परंतु ह्या एका नावाखाली दोन अगदी निराळी कुळे नांदत असतात. एक अमेरिका खंडातून आलेल्या कॅक्टसचे आणि दुसरे आपल्या माळरानावरील तीनधारी निवडुंगाचे, म्हणजे एरंडाच्या नात्यातले. खांबासारख्या कॅक्टसचा रस पाण्यासारखा असतो; तीनधारी निवडुंगाचा दुधासारखा चीक मात्र डोळ्यांत गेला तर दृष्टीवरच बेतते. तेव्हा ही ओळख केवळ बागेच्या हौशीची बाब नव्हे.

ओळख पटविताना लोक काट्याचे टोक पाहतात. पाहावयाचे असते ते काट्याचे बूड. कॅक्टसच्या खोडावर उभे कंगोरे असतात आणि प्रत्येक कंगोऱ्याच्या माथ्यावर ठराविक अंतराने लवदार, इवलीशी गादी असते. काट्यांचा झुबका त्या गादीतून निघतो, फूल आणि नवी फांदीही तेथूनच फुटते. ही गादी म्हणजे आखूड होऊन बसलेली फांदी आणि काटे म्हणजे रूप पालटलेली पाने होत. ज्याला ही गादी आहे ते कॅक्टस. तीनधारी निवडुंगाला ती नसते. त्याचे काटे बैलाच्या शिंगांप्रमाणे दोन-दोनच्या जोडीने एका टणक बुडावर उभे असतात. कुळाची परीक्षा एवढ्यावरच होते. त्यासाठी फांदी मोडून चीक पाहण्याची गरज नाही.

कुळ ठरले की जातीचा प्रश्न येतो. तो समजून घेण्यास अमेरिकेतील अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा ह्या भागांत पसरलेल्या सोनोरा वाळवंटासारखी दुसरी शाळा नाही. तेथे अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण सीमेवर 1937 साली राखून ठेवलेल्या एका संरक्षित प्रदेशात तीन जातींचे खांबनिवडुंग एकाच माळावर उभे दिसतात.

त्यांतला राजा म्हणजे सग्वारो. एकच जाड बुंधा, चाळीस फूट किंवा त्याहूनही अधिक उंची आणि जमिनीपासून बऱ्याच वर फुटून आकाशाकडे वळलेले हात, हे त्याचे रूप. पावसाचे पाणी शोषले की त्याचे कंगोरे पेटीच्या भात्याप्रमाणे फुगतात आणि उन्हाळ्यात पुन्हा मिटतात. त्याच्या काट्यांत मात्र एक गंमत आहे. कोवळ्या झाडावरील काटे लांब व राठ असतात. झाड उंच होऊन फुलू लागले की वरच्या भागावरील काटे आखूड व मऊ येतात. एकाच झाडाचा खालचा काटा आणि वरचा काटा शेजारी ठेवले तर ते दोन जातींचे वाटावेत!

सग्वारोशी घोटाळा होतो तो कार्डोनचा. हा वरील तिघांबरोबर त्या माळावर नसतो. त्याचे घर मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया आणि सोनोराचा किनारा. तो साठ फुटांच्या आसपास पोचू शकतो, पण उंचीवरून निर्णय करू नये. कार्डोनचा बुंधा अधिक स्थूल, कंगोरे संख्येने कमी आणि रुंद, तर फांद्या जमिनीच्या जवळूनच फुटलेल्या. जुन्या कार्डोनच्या वरच्या भागावर काटे फार थोडे उरतात. फळ हाती लागले तर शंकाच राहत नाही. कार्डोनचे फळ सोनेरी काट्यांनी दाट भरलेले असते, सग्वारोचे जवळजवळ गुळगुळीत.

तिसरा ऑर्गन-पाइप. चर्चमधील ऑर्गनच्या नळ्या ओळीने उभ्या कराव्यात, तशी त्याची अनेक खोडे एकाच बुडातून वर आलेली असतात. मधला मुख्य बुंधा नाहीच. त्याची खूण गादीत आहे. ती तांबूस-तपकिरी लवेची व चिकट असते.

चौथा सेनिता. हाही झुबक्यानेच वाढतो, म्हणून दुरून ऑर्गन-पाइपच वाटतो. परंतु त्याचे कंगोरे मोजले तर बहुधा पाच ते सात भरतात. ऑर्गन-पाइपला बारा किंवा अधिक असतात. सेनिताचे खालचे काटे आखूड व जाड. फुलणाऱ्या शेंड्यावर मात्र पिकल्या दाढीसारखे करडे, लांब केस लोंबत असतात.

ह्यावरून एक नियम हाती येतो. एकट्या काट्यावरून जात सांगू नये. आधी गादी पाहावी, मग कंगोरे मोजावे, नंतर फांद्या कोठून फुटल्या ते पाहावे आणि शेवटी काट्यांकडे वळावे. तेही खालचे आणि वरचे दोन्ही. फूल किंवा फळ मिळाले तर उत्तमच.

इतकी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. सग्वारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम एक ते दीड इंच वाढतो. त्याला पहिला हात फुटण्यास बहुधा पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात आणि तो दीडशे वर्षांहून अधिक जगू शकतो. असे झाड बागेच्या शोभेसाठी चोरून उपटून नेणारेही आहेत, म्हणून त्याच्या नावाच्या राष्ट्रीय उद्यानात काही झाडांच्या अंगात ओळखीची सूक्ष्म चकती बसविण्यात आली आहे. आजोबाने पाहिलेले रोप नातवाच्या पिढीत हात पसरते. जे ओळखू येत नाही त्याची राखण कोण करणार?

आपल्या दारातही ह्या विद्येचा उपयोग आहे. पुष्कळ घरांत रात्री उमलणारे एक ‘ब्रह्मकमळ’ कौतुकाने जपलेले असते. त्याच्या पानासारख्या चपट्या खोडाच्या काठावरील खाचा निरखून पाहाव्यात. फूल त्या खाचांतल्या बारीक गादीतूनच येते. काटा नसला तरी ते कॅक्टस आहे. उलट कॅक्टस म्हणून कुंडीत लावलेले तीनधारी झाड कॅक्टस नव्हे. लहान मुले खेळतात तेथे ते ठेवू नये, छाटताना डोळे जपावे आणि चीक डोळ्यांत उडालाच तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन डॉक्टरांकडे जावे. काटा दिसतो, म्हणून माणूस त्याला जपून असतो. चीक दिसत नाही, म्हणून झाडच ओळखता आले पाहिजे.